पत्र्याखालची फट

पत्रा नागमोडी असतो आणि भिंत सरळ. त्यामुळे छप्पर भिंतीवर टेकतं तिथे प्रत्येक लहरीखाली एक अर्धगोल भोक उरतं, दोन बोटं सहज जातील एवढं. मुंबईत देवनार, बैंगनवाडी, शिवाजी नगर, मंडाळा, कुठल्याही गल्लीत मान वर करून बघा, ही भोकं बुजवलेली दिसतील. चिंध्यांनी, थर्माकोलच्या तुकड्यांनी, गोणपाटाने, दुधाच्या पिशव्यांच्या बोळ्यांनी. उंदीर येऊ नये, पावसाची झड येऊ नये, कचऱ्याच्या डम्पिंग ग्राउंडची धूळ येऊ नये म्हणून घरातल्या बाईने स्टुलावर चढून एकेक भोक बंद केलेलं असतं. फार मायेने केलेलं काम असतं ते. आणि घर पेटायला सगळ्यात सोपी जागाही तीच असते.

माझं काम घराच्या बाहेरच्या अंगाचं. पत्रे, लोखंडी सांगाडा, बाहेरची भिंत, खिडक्यांच्या ग्रिल, पोटमाळ्याचा जिना. वडिलांनी सुरू केलेला फॅब्रिकेशनचा गाळा मी देवनारमध्ये पुढे चालवतो. लोक मला गळकं छप्पर बदलायला बोलावतात आणि मी त्यांच्याशी आगीचंही बोलतो. आगीची भीती इथे कुणाला शिकवावी लागत नाही. आग आपल्या घरात नेमकी कुठून शिरते, एवढंच दाखवावं लागतं.

जानेवारी 2016 च्या शेवटच्या आठवड्यात देवनारचं डम्पिंग ग्राउंड पेटलं. 1927 पासून मुंबईचा कचरा इथे येतो आहे; सव्वाशे हेक्टरांहून मोठ्या जागेवर त्याचे डोंगर झाले आहेत. खालचा ओला कचरा हवेवाचून कुजतो, त्यातून मिथेन सुटतो, आणि वरून विझलेली आग आत धुमसत राहते. त्या दिवसांतला धूर नासाच्या उपग्रहाने टिपला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मार्चमध्ये पुन्हा तेच. बातम्यांत सगळा भर धुरावर होता आणि तो तसाच असायला हवा होता. इथल्या लेकरांच्या छातीत तो धूर गेला. माझं लक्ष मात्र पत्र्यांवरही होतं. जळक्या प्लास्टिकचे, पुठ्ठ्याचे, कापडाचे काळे पापुद्रे वाऱ्याबरोबर येऊन छपरांवर पडत होते. बहुतेक विझून पडत. काहींच्या कडा अजून लाल असत.

मी याला वणवाच म्हणतो. डोंगर आहे, उतार आहे, कोरडं इंधन आहे, वारा आहे आणि पायथ्याला वस्ती आहे. गवताऐवजी प्लास्टिक जळतं, त्यामुळे धूर विषारी होतो; पण ठिणगीला त्याचं काही नसतं. ती वाऱ्यावर येते आणि जिथे आधार मिळेल तिथे बसते.

खरा डोंगरावरचा वणवा मी आमच्या गावी पाहिला आहे, संगमेश्वर तालुक्यात. शिमग्याच्या आगेमागे सड्यावरचं गवत वाळून पांढरं पडतं. कुणी राब भाजताना आग सुटते, कुणी बिडी टाकतो, कुठे विजेच्या तारा घासतात. आग चढावर जास्त वेगाने धावते, कारण खालची ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवते. गावचे लोक हिरव्या फांद्या घेऊन झोडपायला धावतात. आमच्याकडे घरांच्या भिंती जांभ्याच्या. त्या पेटत नाहीत. तरी वणव्यात घरं जातात, गोठे जातात. माझी आत्या एकदा अशा जळालेल्या गोठ्यापाशी उभी राहून म्हणाली होती, "आग गडग्याशीच थांबली रे. गोठा पेटला तो किटाळानं. उडवीवर पडलं, नि उडवीनं वासे पेटवले."

किटाळ म्हणजे उडती ठिणगी. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, बाहेर सगळं काळं होतं, गडग्याच्या आत हिरवी केळ उभी होती, आणि केळीच्या पलीकडे गोठ्याचे चार खांब. जाळरेषा काढली होती, गवत कापून पट्टा साफ केला होता, सगळं रीतसर. पेंढ्याची उडवी मात्र गोठ्याला चिकटून होती, कारण पावसात गुरांना पेंढा काढायला तेच सोयीचं. पावसाळ्यासाठी बांधलेली माडाच्या झापांची झड दिवाळीनंतरही उतरवलेली नव्हती. कौलांच्या पन्हळीत आंब्याची पानं साचलेली. ठिणगीला बसायला तीन जागा घरानेच तयार ठेवल्या होत्या.

ठिणगीचा स्वभाव मला त्याच्याही आधी ग्राइंडरने शिकवला होता. अँगल कापताना ठिणग्यांचा फवारा उडतो. त्यातल्या बहुतेक हवेतच मरतात. सिमेंटच्या कोब्यावर पडलेली लगेच काळी होते. पण एखादी लाकडाच्या भुशात, कापसाच्या वेस्टमध्ये किंवा भिंतीच्या सांदीतल्या कचऱ्यात गेली, तर ती दिसेनाशी होते आणि जगते. दहा मिनिटं, वीस मिनिटं काही कळत नाही. कारागीर हत्यारं आवरून चहाला गेलेले असतात, आणि मग धूर येतो. म्हणून वेल्डिंगचं किंवा कटिंगचं काम संपलं तरी पाण्याची बादली घेऊन एक माणूस किमान अर्धा तास तिथेच बसेल, हा आमच्या गाळ्यातला नियम वडिलांच्या वेळेपासूनचा आहे. ग्राइंडरची ठिणगी लोखंडाचा बारीक कण असते. वणव्यातून येणारी ठिणगी सालीचा तुकडा असतो, पानाचा, कापडाचा, जळक्या रिपेचा. ती मोठी असते, सोबत स्वतःचं जळण घेऊन येते, त्यामुळे लांब जाते आणि जास्त वेळ जगते. मोठ्या वणव्यात ती आगीच्या पुढे किलोमीटरभरही उडून पडते.

जगभरच्या वणव्यांत हेच दिसलं आहे. 7 जानेवारी 2025 ला लॉस एंजलिसच्या परिसरात पॅलिसेड्स आणि ईटन हे दोन वणवे सुरू झाले. त्यानंतरची छायाचित्रं मी बराच वेळ बघत बसलो होतो. घरांच्या रांगाच्या रांगा राख झालेल्या, आणि मधली झाडं हिरवी. आगीची भिंत त्या रस्त्यावरून चालत गेली असती तर झाडं आधी गेली असती. मोठी ज्वाळा नव्हे, ठिणग्या घर पेटवतात, हे अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक जॅक कोहेन यांनी फार आधी सांगितलं होतं. 1990 च्या दशकात कॅनडाच्या उत्तर भागात मुद्दाम लावलेल्या जंगलाच्या आगींसमोर लाकडी भिंती उभ्या करून प्रयोग झाले. आगीपासून दहा मीटरवरच्या भिंतींतल्या काही पेटल्या. तीस मीटरवरची पेटली नाही. म्हणजे जंगल किती मोठं पेटलं यापेक्षा घर आणि घराभोवतीची थोडी जागा कशी आहे यावर घराचं भवितव्य ठरतं. कॅलिफोर्नियाने 2008 पासून वणव्याच्या पट्ट्यातल्या नव्या घरांना न पेटणारं छप्पर, हवेच्या झरोक्यांना बारीक धातूची जाळी असे नियम लावले, आणि भिंतीपासून पाच फुटांत जळण्यासारखं काही असू नये हा आग्रह तिथे आता वाढत चालला आहे.

आपल्याकडचा नियम त्याहून कितीतरी जुना आहे, हे मात्र फार कमी लोकांना माहीत असतं. 1888 च्या मुंबई महानगरपालिका कायद्यातच म्हटलं आहे की आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय बाहेरची भिंत आणि छपराचं आच्छादन लाकूड, कापड, गवत, पानं, चटया किंवा इतर ज्वालाग्राही वस्तूंचं असू नये. 1803 साली कोटातल्या, म्हणजे फोर्ट भागातल्या, आगीने बाजारपेठेचा मोठा भाग गिळला होता. या शहराला आगीची आठवण होती. त्या यादीत निळी ताडपत्री नाही, फ्लेक्सचा बॅनर नाही, थर्माकोल नाही. त्या वेळी या वस्तू जन्मालाच आल्या नव्हत्या. पण 'इतर ज्वालाग्राही' या दोन शब्दांत त्या सगळ्या बसतात, आणि आज आमच्या वस्त्यांची निम्मी छपरं त्यांच्याखाली आहेत.

ताडपत्रीबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे. मे महिन्याच्या शेवटी ती छपरावर चढते, दोरीने बांधली जाते, उडू नये म्हणून वर विटा, फुटके पाइप आणि जुने टायर ठेवले जातात. पाऊस संपतो, ताडपत्री तशीच राहते. उन्हाने ती करकरीत होते, तिच्या घड्यांत धूळ, कागद, पाला, पतंगाचा मांजा साचतो. फेब्रुवारी-मार्चपर्यंत म्हणजे नेमका आगीचा मोसम येईतो घराच्या डोक्यावर प्लास्टिक, रबर आणि कचरा यांचा थर तयार झालेला असतो. त्यावर पडलेली ठिणगी आधी ताडपत्रीला भोक पाडते, मग ताडपत्री वितळून ठिबकायला लागते आणि ते जळते थेंब पत्र्याच्या फटीतून खाली उतरतात. टायर पेटला तर तो पाण्यानेही सहज विझत नाही.

नुसतं "ताडपत्री काढा" म्हणणारा माणूस मला आवडत नाही. ती तिथे का आहे ते आधी विचारायला हवं. पत्रा गळतो म्हणून ती आहे, आणि पत्रा तापतो म्हणून त्याखाली थर्माकोलचं छत आहे. आग एखाद्या वर्षी येईल. गळती दर पावसात आहे आणि ऊन रोज आहे. घरातली म्हातारी माणसं दुपारी दोन वाजता त्या पत्र्याखाली झोपतात. मी थर्माकोल काढून टाकलं आणि दुसरं काही दिलं नाही, तर महिन्याभरात ते परत येणार आणि यायलाच हवं. म्हणून मी आधी पत्र्याचं बघतो. गंजलेला बदलायचा, जोडावर दीड-दोन लहरींचा चढ द्यायचा, उतार नीट ठेवायचा, हुक नेहमी लहरीच्या माथ्यावर घ्यायचा, खोबणीत कधीच नाही, आणि प्रत्येक हुकाला चांगला वॉशर. छप्पर गळेनासं झालं की ताडपत्रीचं अर्धं कारण संपतं. मग पत्र्याला वरून पांढरा थर. चुन्याचा असो की छपरासाठी मिळणाऱ्या पांढऱ्या रंगाचा, उन्हाचा बराच भाग तो परत फेकतो. खालून थर्माकोलच्या जागी सिमेंट बोर्डाचं छत, मध्ये चार इंचांची हवा. जमलं तर रॉकवूल. खर्च जास्त आहे. ज्याला झेपत नाही त्याला मी पांढऱ्या रंगावर थांबायला सांगतो, आणि तेवढ्यानेही फरक पडतो.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यांचा प्रश्न वेगळा. ते जळत नाहीत, पण त्यांत अॅस्बेस्टॉस असतं, आणि आगीत तापले की मोठा आवाज करत तडकतात, तुकडे उडतात, छपराला भगदाड पडतं. ते काढताना कापायचे नाहीत, फोडायचे नाहीत, ओले करून अखंड उतरवायचे. उजेडासाठी मधे बसवलेला फायबरचा पारदर्शक पत्राही मी बदलायला सांगतो. तो चांगलाच पेटतो. त्याऐवजी भिंतीत वर तारेच्या काचेचा छोटा झरोका करून देतो.

आणि मग ती फट. पत्र्याखालची भोकं बुजवायचीच, पण चिंध्यांनी नाही. भिंत विटेची असेल तर मी सिमेंटच्या मालाने प्रत्येक लहर भरतो, आतून-बाहेरून बोटाने दाबून. भिंत हलकी असेल तर पत्र्याचीच पट्टी लहरीच्या आकारात कापून रिव्हेट मारतो. हे कंटाळवाणं काम आहे. एका छोट्या खोलीच्या छपराला अशी कितीतरी भोकं असतात, आणि खालून बघणाऱ्याला झालेल्या कामाचा पत्ताही लागत नाही. पोरगा नवीन असला की तो दहा भोकं मन लावून भरतो आणि अकरावं अर्धवट सोडतो. मी शिडी चढून टॉर्चने प्रत्येक भोक बघतो. माझ्या कारागिरांना हे आवडत नाही, तरी मी बघतो, कारण ठिणगी उरलेलं एकच भोक शोधते.

सगळंच बंद केलं तर घर गुदमरतं. स्वयंपाकाची वाफ, गॅस, माणसांचा श्वास यांना बाहेर पडायला वाट हवी असते. म्हणून वरच्या दोन टोकांना, समोरासमोर, झरोके ठेवायचे आणि त्यांना तीन मिलिमीटर किंवा त्याहून बारीक भोकांची स्टीलची जाळी. डासांची नायलॉनची जाळी आगीजवळ वितळून नाहीशी होते. बारीक जाळीत धूळ बसते, ती दर महिन्याला ब्रशने झाडावी लागते. म्हणून मी ती चौकटीत बसवून दोन स्क्रूंवर ठेवतो, घरच्या माणसाला काढता-घालता यावी अशी.

भिंतींचं काम इथल्या जमिनीवर ठरतं. खाडीकाठच्या दलदलीवर भर घालून झालेली ही वस्ती. चांगली विटेची भिंत उभी केली तर ती काही ठिकाणी एका बाजूने खचते. तिथे मी हलका लोखंडी सांगाडा आणि बाहेरून सिमेंट बोर्ड वापरतो. प्लायवूड आणि फ्लेक्स निघाले की मोठी मजल मारली. लाकडी दरवाजाला बाहेरून पत्रा, उंबऱ्याखालची फट सिमेंटने बंद. महापालिकेची चौदा फुटांची उंचीची मर्यादा डोक्यात ठेवूनच हे सगळं करावं लागतं.

ग्रिलबद्दल माझं मत ठाम आहे. आम्ही फॅब्रिकेटर लोक खिडक्यांना ग्रिल वेल्ड करून देतो, चोरांच्या भीतीने. आगीत तीच माणसाला आत अडकवते. मी आता पोटमाळ्याच्या निदान एका खिडकीला बिजागरीची, आतून उघडणारी ग्रिल असल्याशिवाय काम घेत नाही. बाहेरून आग अडवणारं घर आतून उघडता आलं नाही, तर त्या घराला मी पक्कं म्हणणार नाही. 7 डिसेंबर 2015 ला कांदिवलीत, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला दामू नगरची वस्ती पेटली तेव्हा सिलिंडरमागून सिलिंडर फुटत गेले. अशा वेळी माणसाला बाहेर पडायला फार थोडा अवधी मिळतो, आणि तो ग्रिलशी झटापट करण्यात जाऊ नये.

नव्या टॉवरांच्या बाहेरच्या आच्छादनाचं काम माझं नाही, तरी तेही बघून मला चिंता वाटते. लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 14 जून 2017 ला 72 माणसं गेली, आणि आग चढली ती अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ थरांमध्ये भरलेल्या प्लास्टिकवरून. दिसायला धातू आणि आत जळण, हे झोपडीच्या पत्र्याखालच्या थर्माकोलपेक्षा फार वेगळं नाही.

माझ्या कामात सगळ्यात अवघड आहे तो भिंतीपासूनचा पाच फुटांचा मोकळा पट्टा. आमच्या गल्ल्याच तीन-चार फुटांच्या. भिंतीपासून पाच फूट मोजायला गेलं तर मी शेजारच्याच्या स्वयंपाकघरात पोचतो. आणि गल्लीत काय असतं? भंगाराची पोती, प्लास्टिकचे ड्रम, स्कूटर, लाकडी पाट्या, वाळत घातलेले कपडे. अनेकांचं पोट त्या पोत्यांवर आहे. मंडाळ्याची भंगाराची गोदामं फेब्रुवारी 2021 मध्ये जळली तेव्हा धुराचे लोट कुठून कुठे दिसत होते. त्या गोदामांतच शेकडो लोकांची रोजी होती. "पोती हलवा" असं त्यांना मी कोणत्या तोंडाने सांगू? नोव्हेंबर 2018 मध्ये कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज गाव जळालं, त्याच्या अभ्यासातही हेच निघालं की घर वाचणं-न वाचणं शेजारचं जळतं घर किती जवळ होतं यावर बरंच अवलंबून होतं. तिथे अंगणं होती. इथे दोन घरांना एकच भिंत असते.

म्हणून मी एकट्या घराचं काम शक्यतो घेत नाही, रांगेचं घेतो. पाच-सहा घरं एका वेळी. मटेरियल एकदम आणलं की स्वस्त पडतं, पत्र्यांची रेघ एका पातळीत येते, शेजाऱ्यांच्या छपरांमधली खाच पत्र्याने झाकता येते. ही खाच म्हणजे सगळ्या गल्लीचा कचरा साठण्याची जागा, आणि ती कुणाचीच नसते. रांग एकत्र आली की ती सगळ्यांची होते. पोती हलवायचा प्रश्नही एकत्रच सुटतो. एका रांगेतल्या चाचींनी तोडगा काढला: पोती दिवसा दारात, रात्री गल्लीच्या तोंडाशी लोखंडी पिंजऱ्यात. तो पिंजरा मी बनवून दिला, मजुरी न घेता. फेब्रुवारीत, गावाकडे शिमग्याची तयारी सुरू होते त्या सुमारास, त्या रांगेतली पोरं छपरांवर चढून साफसफाई करतात. छपरावर टायर ठेवायचा नाही हे आता तिथे ठरलेलंच आहे.

भाडेकरूंचं काय, याचं उत्तर मला अजून पूर्ण सापडलेलं नाही. मालक दुसरीकडे राहतो, त्याला खर्च करायचा नाही. भाडेकरू अकरा महिन्यांच्या करारावर, तो का करेल? आणि या वस्तीत भाडेकरूच पेटत्या जागेच्या जास्त जवळ राहतात, डम्पिंगच्या भिंतीला लागून. त्यांच्यासाठी मी सुटं होणारं सामान बनवायला घेतलं आहे: लहरीत ठोकून बसणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या, चौकटीतली जाळी, बिजागरीची ग्रिल. खोली सोडताना काढून नव्या खोलीत लावता येतील असं. पट्ट्यांची अडचण आहे, कारण प्रत्येक कंपनीच्या पत्र्याची लहर थोडी वेगळी. सध्या गाळ्यात तीन मापांचे साचे आहेत. चौथ्या मापाचा पत्रा शिवाजी नगरमध्ये बराच दिसतो, त्याचा साचा या आठवड्यात कापायचा आहे.